वीज हवी, पण कुणाला विचारून?



मी गिरणी कामगार. वीज गेली की यंत्र थांबते आणि यंत्र थांबले की घरची चूल थांबते, हे मला कुणी शिकवायला नको. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचे धोरणही त्यांच्याकडे होते. स्वस्त, मुबलक विजेशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबी हटणार नाही, हा त्यांचा विचार. तेव्हा विजेला आपला विरोध नाही. प्रश्न एवढाच, की ती कुणाचे काय घेऊन येते?

आपलाच जिल्हा पाहा. १९२१ साली मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट पुढे होते. तरी धरण झालेच. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली, मावळ्यांची भातशेती पाण्याखाली गेली. पाण्यावरची वीज ती. धूर नाही, राख नाही. पण गावे उठलीच ना?

पुढे नव्वद वर्षांनी भीमाशंकरजवळ, खेड तालुक्याच्या डोंगरांवर पवनचक्क्या आल्या. शेकरूचे अभयारण्य तिथून जवळच. वारा स्वच्छ, पण डोंगर कापून रस्ते केले, झाडे तुटली, दरडीचा राडारोडा शेतात आला. वनहक्क कायदा २००६ चा. तरी तिथल्या लोकांचे हक्क मान्य झाले नाहीत, उलट त्यांनाच डोंगरावर जायला अडवले. हे मी म्हणत नाही, माधव गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात आहे.

मग पवनचक्की नको, सौर नको म्हणायचे का? मुळीच नाही. कोळशाची राखही कुणाच्या तरी गावातच पडते! पण दाट रान सोडून जागा शोधा, आणि आधी ग्रामसभा, मग जेसीबी.

सुरुवात मात्र शहराने करावी, कारण वीज आपणच जास्त वापरतो. २०२४ साली केंद्राने घराच्या छतावरील ३ किलोवॅटच्या सौर संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केले. आपल्या पत्र्याच्या घरांना ते ओझे पेलणार नाही, ठीक. पण सोसायट्या आहेत, शाळा आहेत, या विहाराची पक्की गच्ची आहे. इथे जेवढी वीज होईल, तेवढ्यासाठी कुणाची टेकडी फोडावी लागणार नाही. विहार समितीने यंदा तसा ठराव घ्यावा, एवढी विनंती करून मी थांबतो.

नमो बुद्धाय! जय भीम!