रंग नंतर, आधी दांडी

पोखर्णीच्या बचत गटांतून आम्ही बोलतोय.

आमच्या गटात एक मावशी आहेत. त्यांचा मुलगा २६ वर्षांचा. बोलतो थोडं, चालताना अडखळतो, पैशाचा हिशेब त्याला कळत नाही. मावशी दर बैठकीत हप्ता भरतात आणि एकच विचारतात, "माझ्या माघारी ह्याला कोण बघंल?" आम्हा कुणाकडेच उत्तर नव्हतं.

म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही सहाजणी मावशींना आणि त्यांच्या मुलाला घेऊन प्रौढ दिव्यांगांचं एक निवासी घर बघायला गेलो. एका ठेकेदारानं ते दान म्हणून दुरुस्त करून दिलं होतं. भिंतींना नवा रंग, चकचकीत फरशी, दारावर नावाची पाटी. पण न्हाणीघराला वीतभर उंबरा, आत पाय घसरणारी फरशी. व्हीलचेअरवरच्या दोघांना उचलूनच आत न्यावं लागे. देणाऱ्याचं मन मोठं होतं, पण राहणाऱ्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

अशी घरं फार कमी आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना आसरा दिला. १८ वर्षं पूर्ण झाली की बालगृह सोडायचं, मग या लेकरांनी जायचं कुठं, हा प्रश्न त्यांनी सरकारपुढं लावून धरला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा घरांना धान्य, कपडे पुष्कळ जण देतात. गळकं छत, तुंबलेली मोरी दुरुस्त करून देणारे थोडे. म्हणून बांधकामवाल्यांचं दान मोलाचं.

ते विचारून द्यावं, एवढंच आमचं म्हणणं. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केलं. तिथं कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी आपली घरं आपल्या हातांनी उभी केली. राहणाऱ्याला घरातलं कळतं, हे तिथं दिसतं.

आता मापं लिहून घ्या. दारासमोर एक फूट चढ असेल तर रॅम्प बारा फूट लांब हवा. त्याहून आखूड केला तर खुर्ची ढकलणारीचा दम निघतो. दार तीन फूट रुंद. खुर्ची वळायला पाच फूट मोकळी जागा. संडासाजवळ भिंतीत पक्की दांडी, खरबरीत फरशी, आणि न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं. आत कुणी पडलं तर दार अडत नाही.

पैशाचंही सांगतो. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून विचारा, यंदा ते कशावर खर्च झाले? मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के समाजकामाला द्यावे लागतात, त्यात असं घर बसू शकतं. आणि मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल १८ वर्षांचं झालं की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. आईबाप हयात असतानाच तो करावा.

त्या घरून परतल्यावर गावातल्या एका मिस्त्रीदादांना आम्ही मावशींकडे नेलं. त्यांनी मुलालाच भिंतीजवळ उभं केलं आणि म्हणाले, "हात कुठं टेकतो, दाखव." त्यानं हात ठेवला तिथं खडूची खूण केली. दांडी तिथंच बसली. मजुरी त्यांनी घेतली नाही, दांडीचे पैसे गटानं दिले. आता मावशींचा मुलगा एकटा आंघोळीला जातो.

मावशींचा प्रश्न अजून सुटलेला नाही. जवळपास असं घर उभं राहीपर्यंत सुटणारही नाही. पण तुमच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. गावात प्रौढ दिव्यांग किती घरांत आहेत, त्यांची यादी करा. मग तुमच्याच गटातल्या गवंड्यांच्या घरी जा आणि वर्षातला एक दिवस मागा.