पाय बधिर होतात तेव्हा
(कारेगाव येथील युवक मेळाव्यातील भाषण)

दोस्तांनो, तुमच्यातले बरेच जण रांजणगाव एमआयडीसीतली शिफ्ट संपवून आला आहात, म्हणून थेट मुद्द्यावर येते. दिवसभर उभं राहून दुखलेले पाय झोपल्यावर उतरतात. मी सांगतेय ते वेगळं आहे. दोन्ही पाय बधिर होत जातात, कमरेला पट्टा आवळल्यासारखं वाटतं, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, लघवी अडते किंवा आवरत नाही. नर्स म्हणून सांगते, ही कंबरदुखी नव्हे. हा मज्जारज्जूचा आजार आहे.

कारणं पुष्कळ. मणक्याचा टीबी, बी-१२ची कमतरता, जंतुसंसर्ग आधी तपासतात. पण थोड्या रुग्णांत मूळ भलतीकडेच असतं, फुप्फुसात किंवा स्तनात लपलेल्या लहानशा गाठीत. शरीराची संरक्षक यंत्रणा त्या गाठीशी लढते. गाठीतली काही प्रथिनं मज्जापेशींतल्यासारखीच असतात, म्हणून मार मज्जारज्जूलाही बसतो. गाठ तिथं पोहोचलेलीही नसते! खोकला नाही, वजन घटलेलं नाही, आणि पाय आधी जातात. कॅन्सर कधीकधी काही महिन्यांनी सापडतो.

म्हणून एमआरआय, पाठीतलं पाणी आणि अँटिबॉडीच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी छातीचा सीटी, मॅमोग्राफी किंवा पेट स्कॅन सांगितला, तर ‘दुखतंय पायात, फोटो छातीचा कशाला?’ म्हणून भांडू नका. पहिल्यांदा काही दिसलं नाही तर चार-सहा महिन्यांनी पुन्हा बघावं लागतं. स्टिरॉइडनं थोडं बरं वाटलं तरी शोध थांबवायचा नाही, कारण मुख्य इलाज गाठीवरच असतो. गेलेली ताकद बहुतेकदा पूर्ण परत येत नाही.

आपल्याकडे वेळ जातो तो ‘हवा लागली’, ‘करणी केली’ यात, तावीज आणि मालिशीत. दुआ जरूर मागा, पण गाडी आधी काढा. आणि अम्मी, खाला लघवीची तक्रार किंवा छातीतली गाठ मुलाला सांगणार नाहीत. बहिणींनो, तुम्ही विचारा. बाई डॉक्टर हव्या असतील तर तसं सांगा, त्यात संकोच कसला?

राहिला पैसा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ठेकेदाराच्या कामगारालाही ईएसआय लागू आहे. कॅन्सर आणि दोन्ही पाय लुळे पडणं, दोन्ही त्यांच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहेत. अटी पूर्ण असतील तर मजुरीच्या ८० टक्के भत्ता मिळतो. तुमच्या कार्डावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांची नावं आहेत का, ते उद्याच ऑफिसात विचारा.