वातावरणाचे वजन आणि एककांचा मेळ



जी वस्तू कोणत्याही तागडीत मावत नाही तिचे वजन सांगण्याचे धाडस ब्लेझ पास्कल या फ्रेंच पंडिताने केले. १६४८ च्या सप्टेंबरात त्याच्या सूचनेवरून थोरल्या बहिणीच्या यजमानांनी पाऱ्याची नळी प्युई द दोम पर्वतावर नेली. शिखरावर पारा सुमारे तीन इंच उतरला. वर चढावे तशी माथ्यावरची हवा कमी होते, म्हणून तिचा भारही घटतो. दाब म्हणजे माथ्यावरील हवेचे वजन, हे त्यावरून निश्चित झाले.

पुढचे काम गुणाकाराचे. दर चौरस फुटावरील भार आणि पृथ्वीच्या पृष्ठभागाचे चौरस फूट यांचा गुणाकार करून पास्कलने काढलेले उत्तर त्याच्या निधनानंतर, १६६३ साली, छापले गेले : सुमारे ८३ परार्ध फ्रेंच पौंड. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील संख्यानामांत परार्ध हे अखेरचे, एकावर सतरा शून्ये, एरवी शोभेपुरता उरलेला हा शब्द येथे खरोखरच उपयोगी पडतो. आजच्या मापाने ते सुमारे ४० परार्ध किलोग्रॅम, म्हणजे वास्तवाच्या जवळजवळ चार पंचमांश. भाराचा अंदाज उत्तम होता. पृथ्वीच लहान धरली गेली होती.

आज समुद्रसपाटीवरील प्रमाण दाब १,०१,३२५ पास्कल मानतात. त्यास गुरुत्वत्वरणाने, म्हणजे ९.८ ने, भागले की दर चौरस मीटरवर सुमारे १०,३०० किलोग्रॅम हवा येते. पृथ्वीचा पृष्ठभाग ५१ कोटी चौरस किलोमीटर. विद्यार्थ्यांचा पाय घसरतो तो नेमका येथे. एका चौरस किलोमीटरात दहा लाख चौरस मीटर असतात, हे विसरले की उत्तर दहा लाख पटींनी उणे येते. वेधशाळेचा मिलिबारमधील आकडा तसाच घातला, तर शंभर पटींनी. आणि गंमत अशी की, इतक्या प्रचंड संख्येत हे उणेपण डोळ्यांना खुपतही नाही! म्हणून प्रत्येक राशीपुढे तिचे एकक लिहिण्यास पर्याय नाही.

नीट गुणाकार केल्यास साडेबावन्न परार्ध किलोग्रॅम येतात. हा आकडा किंचित अधिक आहे, कारण सारी भूमी समुद्रसपाटीवर नाही. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंच. तेथे दाब आठ-नऊ टक्क्यांनी कमी. तिबेटच्या पठाराची तर गोष्टच वेगळी. अशा उंचवट्यांचा हिशेब धरता पृष्ठभागावरील सरासरी दाब ९८५ मिलिबारच्या आसपास येतो, आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या काटेकोर गणनेनुसार एकूण वस्तुमान सुमारे ५१.५ परार्ध किलोग्रॅम ठरते. त्यात बाष्पाचा वाटा जेमतेम पाव टक्का. ऋतुमानानुसार ही बेरीज थोडी खालीवर होते, ती मुख्यतः त्या बाष्पामुळे.