लेकराचा आठवडा आणि आपला गट

(कुंडल येथे प्रभागसंघाच्या बैठकीत एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)

प्रभागसंघाच्या अध्यक्षताई, सचिवताई, सगळ्या सीआरपी ताई आणि कुणी भांगलण अर्धी टाकून, कुणी धारा काढून घाईघाईनं इथं आलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

मला 'मुलांचं शिक्षण' या विषयावर बोला असं सांगितलंय. विषय लई मोठा आहे. मी त्यातला एकच तुकडा घेते. आपलं लेकरू तिसरीत आहे असं धरू. सोमवार ते शनिवार ते शाळेत जातं. या सहा दिवसांत ते काय काय शिकतं आणि ते खरंच शिकलंय का, हे आईला घरात कसं कळावं, एवढंच आज बोलते.

कुणी म्हणेल, हे गटाच्या बैठकीत कशाला? तर आपल्या दशसूत्रीतली पहिली पाच सूत्रं आपल्याला तोंडपाठ आहेत. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब. पुढच्या पाचांत आरोग्याच्या जोडीला शिक्षणही आहे, पण तिथवर पोचायच्या आत चहा होतो आणि बैठक मोडते. दुसरं कारण पैशाचं. गटाचं कर्ज घेताना 'मुलांची फी' असं कारण सांगणाऱ्या बाया दरवर्षी वाढतायत. शेळीसाठी कर्ज घेतलं तर शेळी कशी आहे, गाभण आहे का, हे आपण बघून येतो. फीसाठी कर्ज घेतो तेव्हा लेकराला वाचता येतं का, हे बघतो का?

तिसरीच का?

तिसरीपर्यंत लेकरू वाचायला शिकतं. चौथीपासून त्याला वाचून बाकीचे विषय शिकायचे असतात. वाचताच येत नसेल तर इतिहास, भूगोल, विज्ञान सगळंच अडतं. उसाच्या लागणीत नांग्या पडल्या तर त्या वेळेत भरायच्या असतात. ऊस अंगानं वाढल्यावर मध्ये लावलेलं रोप सावलीत बसतं, वाढत नाही. लेकराचंही तसंच आहे.

म्हणूनच केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान काढलं. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं, असं त्याचं ध्येय आहे. तिसरीच्या शेवटी मुलानं मिनिटाला निदान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात-लिहाव्यात आणि सोपे गुणाकार करावेत, असं त्यात ठरवलंय. हे माप आपल्यालाही माहीत पाहिजे. दूध घालताना आपण माप बघतोच की.

मराठी : पाठ झालंय की वाचता येतंय?

आठवड्यात सगळ्यात जास्त तासिका मराठीच्या आणि गणिताच्या असतात. संध्याकाळी लेकरू पुस्तक घेऊन धडा घडाघडा म्हणतं. आईला बरं वाटतं. पण धडा वर्गात दहा वेळा म्हटला की तो पाठ होतो. डोळे खिडकीकडं आणि तोंड चालू, असं म्हणणारी मुलं मी पुष्कळ बघितलीत.

ओळखायचं कसं? धड्याच्या मधल्या एका शब्दावर बोट ठेवा आणि 'हा काय?' म्हणून विचारा. मग वरच्या ओळीतल्या दुसऱ्या शब्दावर ठेवा. मुलाला पहिल्या ओळीपासून म्हणत म्हणत तिथवर यावं लागलं, तर ते वाचत नाही, आठवतंय. हे तपासायला आईला स्वतःला वाचता आलं पाहिजे असं नाही. बोट तेवढं पाहिजे आणि लेकरू कुठं थांबतं ते बघायला डोळे पाहिजेत.

दुसरी गोष्ट, पुस्तकाबाहेरचं वाचायला द्या. रेशन दुकानाची पाटी, एसटीचा फलक, बियाण्याची पिशवी, हे आपलं वार्तापत्र. कुठल्या अक्षराला अडतं ते बघा. बहुतेकदा जोडाक्षराला अडतं, नाहीतर ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीला. तेवढंच गुरुजींना किंवा बाईंना सांगा. 'माझ्या पोराला काही येत नाही' म्हटलं तर शिक्षकाला काय करावं कळत नाही. 'जोडाक्षराला अडतंय' म्हटलं की काम सोपं होतं.

आणि एक. घरात आपण 'व्हय', 'न्हाय', 'आलोया' बोलतो. पुस्तकात 'होय', 'नाही', 'आलो आहे' असतं. लेकरू घरचं बोललं म्हणून त्याला गप्प करू नका. घरच्या बोलीत ज्याला चार वाक्यं सलग सांगता येतात, तेच पुढं पुस्तकी मराठीत लिहितं. रोज जेवताना 'आज शाळेत काय झालं ते सांग' एवढं विचारा आणि ते सांगेपर्यंत फोन बाजूला ठेवा.

गणित : सदुसष्ट आणि शहात्तर

मुलाला सांगितलं 'सदुसष्ट लिही', तर ते ७६ लिहितं. आपण म्हणतो, लक्ष नाही. पण जरा ऐका. सदुसष्ट म्हणताना आधी सात येतात, मग साठ. लिहिताना आधी सहा येतात, मग सात. कान एक सांगतो, हात दुसरं करतो. म्हणूनच २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ सात', 'वीस दोन' अशी वाचायची रीत जुन्या रीतीच्या जोडीनं आली. त्यावर राज्यभर मोठा वाद झाला. गणिततज्ज्ञ मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. त्यांचं म्हणणं होतं, मुलांची जोडाक्षरांची अडचण कमी व्हावी आणि संख्येची भीती जावी. आपण वादात पडायचं कारण नाही. लेकरू अडलं की 'साठ आणि सात' असं सांगायचं, लिहून झालं की 'म्हणजेच सदुसष्ट' म्हणायचं. दोन्ही आलं पाहिजे, कारण बाजारात कुणी 'साठ सात रुपये' म्हणत नाही.

आता वजाबाकी. ५२ मधून २८ गेले किती? पुष्कळ मुलं ३६ लिहितात. आठातून दोन गेले सहा, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे मोठ्यातून लहान वजा करायचं एवढंच त्यांच्या डोक्यात बसलंय. याला मारून, ओरडून उपयोग नाही. दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी समोर ठेवा आणि म्हणा, 'यातले मला अठ्ठावीस दे.' दोन नोटा दिल्या, आठ रुपये सुट्टे कुठायत? मग एक नोट मोडावी लागते. नोट मोडून दहा सुट्टे आले, आधीचे दोन, झाले बारा. त्यातले आठ दिले, राहिले चार. नोटा राहिल्या दोन. उत्तर चोवीस. याच नोट मोडण्याला वजाबाकीत दशक सुटं करणं म्हणतात. आपल्याला हे रोज दुकानात येतं, फक्त ते गणित आहे हे आपण लेकराला सांगत नाही.

गटाच्या वहीचंही तसंच. गटात १२ बाया, प्रत्येकीची बचत १०० रुपये, तर किती जमले? दोघी आल्या नाहीत तर किती? शेकडा दोन रुपये व्याज असेल तर ५०० रुपयांवर महिन्याला किती? पाचशेत शंभर किती वेळा आले ते मोजलं की झालं. पाच वेळा, म्हणजे दहा रुपये. बैठकीच्या दिवशी लेकराला शेजारी बसवा आणि एक बेरीज त्याच्याकडून करून घ्या. चुकली तर सचिवताई दुरुस्त करतील.

परिसर अभ्यास : पुस्तक गावातच आहे

तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक आपल्या बालभारतीनं जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं काढलंय. सांगलीच्या मुलांना सांगली जिल्हा शिकायला मिळतो. दिशा, नकाशा, पाणी, पिकं, कामधंदे, सण असं त्यात असतं.

यात आपण गुरुजींपेक्षा जास्त सांगू शकतो. ताकारी योजना कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी भागाकडं कशी नेते, ते आपल्या रानाला लागून आहे. किर्लोस्करवाडी १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळावर वसवली, ती इथून दिसण्याएवढी जवळ. आणि हे कुंडल तर प्रतिसरकारचं गाव. १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात जे सरकार चाललं, त्याचं हे मोठं ठाणं. तेव्हा आपल्या भागातली पुष्कळ गावं सातारा जिल्ह्यात होती. जी. डी. बापू लाड इथलेच, तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ लाडही इथलेच. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे अडवली, ती याच माणसांनी. नाना पाटलांच्या लेकीनं, हौसाताईंनीही त्या लढ्यात जिवावर उदार होऊन कामं केली. लेकराला सांगा, 'आजीला विचार, तिनं तिच्या सासू-सासऱ्यांकडून त्या दिवसांचं काय ऐकलंय.' आजी सांगेल, लेकरू चार ओळी लिहील. त्यात मराठी झालं आणि इतिहासही झाला.

इंग्रजी, खेळ आणि चित्रं

मराठी शाळेत इंग्रजी नसतं असं अजून काही जणींना वाटतं. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तिसरीत लेकराला सोपे शब्द वाचता यावेत, साधी सूचना कळावी, स्वतःबद्दल दोन-चार वाक्यं बोलता यावीत. स्टेशनवर गेलात तर पाटीवरचं गावाचं नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही दाखवा, अक्षरं जुळवू द्या.

चित्रकला, कार्यानुभव आणि खेळ या तासांना 'टाइमपास' म्हणू नका. माती मळणं, कागद दुमडणं यानं बोटं वळतात, मग अक्षर सुधारतं. २०२४ पासून पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' सुरू झालाय. त्या दिवशी वेगळे उपक्रम असतात. 'आज अभ्यास नाही, मग घरीच राहा' असं करू नका. शनिवारची दांडी सोमवारीही लागते.

फीचं कर्ज मागताना

इंग्रजी शाळेला माझा विरोध नाही. पण कर्ज मंजूर करताना गटानं तीन गोष्टी विचाराव्यात. लेकराला मातृभाषेतलं एक पान समजून वाचता येतं का? त्या शाळेतला अभ्यास घरी कोण घेणार? आणि हा खर्च एका वर्षाचा नाही, दहा वर्षांचा आहे, तर पुढच्या वर्षीची फी कशातून? उत्तरं असतील तर खुशाल द्या. नुसती गाडी दारात येते आणि टाय असतो म्हणून कर्ज काढायचं असेल, तर आधी आपल्या गावच्या शाळेत एकदा जाऊन बसा. तिकडं सातारा तालुक्यात कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्यासोबत फरशीवर आखून, वस्तू हातात देऊन मुलांना असं शिकवलं की राज्यभरातले शिक्षक ते बघायला गेले. सरकारी शाळेतही हे होतं. आई-बापांनी पाठ फिरवली तर मात्र अवघड आहे.

आपल्या हातात काय?

शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असल्याच पाहिजेत. म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणी त्या समितीवर आहेत. तिथं नुसती सही करून येऊ नका. तिसरीतल्या किती मुलांना वाचता येतं आणि जी मागं आहेत त्यांच्यासाठी काय चाललंय, हे दर बैठकीत विचारा. भांडायला नको, शांतपणे विचारा.

कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आपल्या रानात बीडकडच्या टोळ्या येतात. त्यांची लेकरं फडात पाचटावर खेळत असतात. दाखला नाही म्हणून त्या लेकराला शाळा नाकारता येत नाही, वर्षाच्या मध्यातही नाही. त्याच्या वयाच्या वर्गात बसायचा त्याला हक्क आहे. गावाकडच्या शाळेनं शिक्षण हमी कार्ड दिलं असेल तर ते घेऊन, नसेल तर तसंच, त्या आईला शाळेपर्यंत सोबत करा. तिला गाव नवीन आहे, शाळा कुठं आहे तेही माहीत नसतं.

आणि बैठकीत दहा मिनिटं ठेवा. प्रत्येकीनं एकच सांगायचं : या आठवड्यात माझं लेकरू काय नवीन शिकलं आणि कुठं अडलं. सचिवताईंनी वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. चार जणींची लेकरं एकाच ठिकाणी अडलेली दिसली, तर दोघींनी शाळेत जाऊन सांगायचं. जिला वाचता येतं तिनं आठवड्यातून एकदा गल्लीतल्या पाच पोरांना ओट्यावर बसवून अर्धा तास वाचून घ्यायचं.

आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंनी शेणगोळे झेलून मुलींना शिकवलं. कर्मवीर भाऊरावांच्या बोर्डिंगमधल्या पोरांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आपल्याला एवढं काही करायचं नाही. रोज दहा मिनिटं लेकराजवळ बसायचंय आणि पुस्तकावर एक बोट ठेवायचंय.

पुढच्या महिन्यात प्रत्येक ग्रामसंघानं ते मागचं पान इथं आणावं. कुठं जोडाक्षराला अडलंय, कुठं वजाबाकीला, ते बघून आपण पुढचं ठरवू.