हजेरीचा रुपया

(त्र्यंबकेश्वर येथील युवक मेळाव्यातील भाषण. बोलण्यातली भाषा आहे तशीच ठेवली आहे.)



पत्रिकेवर माझ्या नावापुढं 'कवी' छापलंय. छापणाऱ्याची मेहेरबानी. मी गोदीत ओझी वाहणारा मॅट्रिक पास माणूस. आज कविता म्हणणार नाही. आज रुपयावर बोलणार आहे, कारण रुपयावर बोलायचा मक्ता भलत्याच लोकांनी घेतलाय.

काल संध्याकाळी इथल्या पेठेत चहा प्यायला टेकलो. शेजारच्या बाकावर गावातली चार जुन्या वळणाची माणसं. पूजेच्या सामानाचा दुकानदार, रिटायर मास्तर, अशी. त्यांचं चाललेलं : सगळे पक्ष चोर, मत कुणालाही टाका, राज्य त्याच टोळीचं. तेल बघा, डाळ बघा. पैशात राम राहिला नाही. इथवर मीसुद्धा मान डोलावत होतो. खोटं काय त्यात? मग गाडी वळली. म्हणे, सरकार ह्या लोकांना फुकट वाटतं, सवलती देतं, मग नोटा छापाव्या लागतात आणि रुपया नासतो. 'ह्या लोकांना' म्हणजे कोणाला हे सांगायला नको.

ही माणसं सगळीच खोटं बोलत नाहीत, आणि खरी अडचण तीच आहे. त्यांच्या रागाचा अर्धा भाग खरा आहे. नासका पैसा म्हणजे न सांगता मारलेला खिसा. उरलेला अर्धा भाग म्हणजे तीच जुनी जात. आपण काय करतो? जात दिसली की उठून निघून येतो, आणि तो खरा अर्धा भाग त्यांच्याच बाकावर ठेवून येतो.

हे फक्त त्र्यंबकात नाही. अमेरिकेत २००९ साली असेच छोट्या गावांतले दुकानदार, पेन्शनर रस्त्यावर आले. बुडत्या बँकांना सरकारनं सरकारी पैशानं वाचवलं, त्याचा संताप. त्यांचा एक पुढारी रॉन पॉल. त्यानं त्याच वर्षी तिथली मध्यवर्ती बँकच बंद करा असं पुस्तक लिहिलं. त्यांना सोन्याचा पैसा परत पाहिजे. १५ ऑगस्ट १९७१ ला निक्सननं डॉलरच्या बदल्यात सोनं द्यायचं थांबवलं, तेव्हापासून जगातला पैसा नुसत्या सरकारच्या शब्दावर चालतो. आणि सरकारचा शब्द म्हणजे काय, ते आपल्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक?

पण सोनं म्हटलं की इथल्या माणसाचे डोळे देवळाकडं जातात. ह्याच देवळात एक हिरा होता. 'नाशिकचा हिरा' म्हणून जगभर गाजलेला. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि कंपनी सरकारनं तो उचलून नेला. हिरा होता तेव्हा गावकुसाबाहेरच्या माणसाला किती भाकऱ्या जास्त मिळत होत्या? आणि गेला तेव्हा किती कमी झाल्या? देवळातलं, तिजोरीतलं, गळ्यातलं सोनं हा त्यांचा ठेवा. त्याला पैसा म्हणत नाहीत. पैसा तो, जो संध्याकाळी मुकादम हातावर ठेवतो आणि रात्री किराणावाला घेतो.

आता आपलं बघा. आपल्या आज्या-पणज्याला मजुरी कशात मिळायची? बलुत्यात. खळ्यावरचं उरलंसुरलं, दारोदारची शिळी भाकर, मेलेलं ढोर. धान्याला महागाई लागत नाही, हे खरं. पण ते धान्य झोळी पसरून घ्यावं लागायचं, आणि झोळी पसरणाऱ्याला मालक बदलता येत नाही. महार वतनं मोडायचा कायदासुद्धा १९५८ साल उजाडल्यावर आला. त्याआधी सुटले ते कोण? पलटणीत गेले ते, गिरणीत, रेल्वेत, गोदीत गेले ते. जिथं रोख मिळत होती तिथं गेले. रुपयाला जात विचारता येत नाही. खिशात रुपया असला की ह्या दुकानातून त्या दुकानात जाता येतं, पाटलाला 'येत नाही' म्हणता येतं. आपली पहिली सुटका रोख पैशानं केलीय दोस्तांनो. म्हणून जो कोणी रुपया पातळ करतो तो आपल्याला मागं, खळ्याकडं ढकलतो.

नाशिक जिल्हा म्हटलं की आपल्याला १९३० चा काळाराम आठवतो, १९३५ चं येवला आठवतं. आठवलंच पाहिजे. पण इथून चाळीसेक किलोमीटरवर नाशिकरोडला प्रेस आहे, तिथं १९२८ पासून नोटा छापतात. देवळाच्या दारासाठी आपण लढलो. त्या प्रेसच्या दाराशी जाऊन, किती छापता आणि कोणासाठी छापता, हे कधी विचारलं का?

एका माणसानं विचारलं होतं, प्रेस सुरू व्हायच्याही आधी. १९२३ साली लंडनला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' छापून आलं. बाबासाहेब तेव्हा बत्तीस वर्षांचे. समोर केन्ससारखा गडी. केन्सचं म्हणणं, रुपयाचा सोन्याशी संबंध सरकारनं बाहेरच्या बाहेर सांभाळावा, देशात सोन्याचं नाणं फिरायची गरज नाही. बाबासाहेब म्हणाले, ह्यात रुपये पाडणाऱ्याचा हात मोकळा राहतो. सोन्याचं नाणं चलनात आणा, आणि रुपये किती असावेत त्याची हद्द बांधून टाका. १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढं साक्ष देतानाही हेच. आपण पोस्टरवर लिहितो, 'रिझर्व्ह बँकेचे संस्थापक'. अरे, बँक १९३४ च्या कायद्यानं झाली आणि १ एप्रिल १९३५ ला उघडली. पोस्टर लावण्यात पुस्तक वाचायचं राहून जातं. पुस्तकातला मुद्दा पोस्टरपेक्षा तिखट आहे : छापणाऱ्यावर विश्वास टाकू नका, त्याचे हात बांधा.

का बांधायचे? ते गणित गोदीत रोज दिसतं. रुपयाची किंमत पडली की मालाचे भाव आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते. मधल्या काळात जे वाचतं ते मालकाच्या खिशात जातं. रुपया पडल्यानं व्यापाऱ्याला होणारा फायदा परदेशातून येत नाही, तो देशातल्याच मजुराच्या ताटातून उचललेला असतो, हे बाबासाहेबांनी तेव्हा मांडलं. शंभर वर्षं झाली. २०१७ साली केंद्र सरकारनं मजुरीची राष्ट्रीय तळरेषा ठरवली, दिवसाला १७६ रुपये. पुढं कित्येक वर्षं आकडा तोच. तेलाचा भाव तोच राहिला का?

आता कोणी शहाणा उठेल. म्हणेल, महागाईत कर्जदाराचा फायदा, आणि तुम्ही तर जन्माचे कर्जदार! बरोबर, पण कोणता कर्जदार? बँकेचं कोटीचं कर्ज नऊ-दहा टक्क्यांनी उचलणारा कारखानदार. त्याचं कर्ज हलकं होतं. आपण घेतो शंभराला पाच, महिन्याला. वर्षाचे झाले साठ. कुठली महागाई साठ टक्क्यांना गाठते? सावकाराचं व्याज रुपयाच्या कायम पुढं धावतं.

आणि उलटी बाजूही ऐका, नाहीतर उद्या चहाच्या बाकावरचे लोक आपल्याला गुंडाळतील. 'कडक' रुपया म्हणजे 'खरा' रुपया नव्हे. १९२७ साली सरकारनं रुपया अठरा पेन्सला नेऊन बसवला आणि मंदी आली तरी तिथंच धरून ठेवला. शेतमालाचे भाव कोसळले, कुणब्यांनी अंगावरचं सोनं विकून सारा भरला आणि देशातलं सोनं बोटीत बसून गेलं. आपल्याला रुपया महागही नको, स्वस्तही नको. आज हजेरीला जेवढी डाळ येते तेवढी पुढल्या वर्षी आली पाहिजे. बाबासाहेबांचा जोर ह्या क्रयशक्तीवर होता. सोनं हे त्या काळचं हत्यार. हत्यार बदलेल, कारण बदललेलं नाही.

८ नोव्हेंबर २०१६. चलनातली ८६ टक्के रक्कम एका रात्रीत बाद. काळा पैसा जाळणार होते. रिझर्व्ह बँकेनंच नंतर सांगितलं, ९९ टक्क्यांहून जास्त नोटा परत आल्या. जळलं काय? माझ्या बापाची हजेरी. मुकादमानं मजुरी जुन्या पाचशेच्या नोटांत दिली, आणि त्याचाच माणूस गेटबाहेर पाचशेला चारशे देत उभा. पूर्वी टांकसाळीगणिक रुपया वेगळा होता, चांदवडी वेगळा, दुसरा वेगळा, आणि सराफ बदलून देताना बट्टा कापायचा. 'नावाला बट्टा' म्हणतो ना आपण, तोच बट्टा. दोनशे वर्षांनी तो माझ्या बापाला लावला, आणि चहाच्या बाकावरच्यांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या.

मग करायचं काय? घोषणा पुरे, कायदा बघा. २०१६ पासून कायद्यात आहे : महागाई ४ टक्क्यांवर ठेवायची, दोन इकडंतिकडं. ४ टक्के म्हणजेसुद्धा अठरा वर्षांत भाव दुप्पट, हेही ध्यानात ठेवा. सलग तीन तिमाह्या हद्द ओलांडली तर बँकेनं सरकारला लेखी खुलासा द्यायचा. २०२२ साली ओलांडली. बँकेनं पत्र लिहिलं. आणि ते पत्र लोकांना दाखवलं नाही! खिसा कापला गेला माझा, आणि खुलाशाचं पाकीट चोरून दिलं एकमेकांना. पहिली मागणी ही, की ते पत्र आणि पुढचं प्रत्येक पत्र जाहीर करा, मराठीत करा.

दुसरी मागणी हजेरीची. कायम कामगाराला महागाई भत्ता आहे, निर्देशांक चढला की भत्ता चढतो. तोही १९७४ साली, भाव पंचवीस टक्क्यांच्या आसपास चढलेले असताना, सरकारनं कायदा करून वाढीव भत्त्याचा अर्धा भाग सक्तीनं जमा करून घेतला होता. कंत्राटी मजुराच्या हातात तर तेवढंही पडत नाही. मुकादम म्हणेल तो भाव. सिंहस्थाच्या कामांवर जी पोरं रस्ते आणि घाट बांधतात, गटारात उतरतात, त्यांची हजेरी निर्देशांकाला बांधा. कंत्राटाच्या कागदावर ते कलम आहे का, ते उद्या पहिल्यांदा बघायचं. मुकादम कागद दाखवणार नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये लागतात.

आणि बाबासाहेबांच्या ग्रंथांचा सहावा खंड सरकारनंच छापलाय, त्यात हे पुस्तक आहे. इंग्रजी आहे, जड आहे. मी डिक्शनरी घेऊन रोज दोन पानं करतो, पाळी संपल्यावर. ज्याला बसायचंय त्यानं मेळाव्यानंतर नाव सांगावं.

जय भीम.