दिसते ते आणि दडते ते



आम्ही शाळेच्या बाकावर फार दिवस बसलो नाही. जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत कागद वाचता वाचता. तेव्हा संगणकाच्या पानावर मजकूर दाखवणे व लपवणे हा विषय आम्ही कशाला घेतला, असे आपणांस वाटेल. कारण साधे आहे. पूर्वी नोटीस गेटावर लागे. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टाने कायद्याचा गोषवारा प्रवेशद्वाराजवळ, बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावण्यास सांगितले होते. आता नोटीस काय, अर्ज काय, पुष्कळसे पडद्यावर गेले आहे.

पानाचे रूप स्टाइलशीट ठरवते. तिची कल्पना होकोन वियुम ली यांनी १९९४ साली मांडली. बटण दाबल्यावर हालचाल घडवते ती स्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट १९९५ साली रचली. लपवण्याचेही प्रकार आहेत. ‘डिस्प्ले नन’ म्हटले की तो भाग उठतो व खालचा मजकूर वर सरकतो. ‘व्हिजिबिलिटी हिडन’ म्हटले की पंगतीतला माणूस दिसेनासा होतो, पण त्याची जागा रिकामी राहते.

दोन्ही प्रकारांत मजकूर आपल्या यंत्रापर्यंत पोचलेला असतोच. अमेरिकेतील मिझुरी राज्यात २०२१ साली शिक्षकांचे सामाजिक सुरक्षा क्रमांक असेच सरकारी पानाच्या मूळ मजकुरात राहून गेले होते. एका पत्रकाराने ते दाखवून दिले, तर राज्यपालांनी त्याच्यावरच खटल्याची भाषा केली! २०२२ साली सरकारी वकिलाने खटला भरण्यास नकार दिला. पडद्याला कुलूप समजले की असे होते.

आमच्या जिवतीच्या डोंगरावर निराळेच घडते. एका बांधकाम मजूर भगिनीचा अर्ज आम्ही भरीत होतो. ‘होय’ दाबल्यावर पुढचा रकाना उघडायचा, तो उघडलाच नाही. स्टाइलशीट पोचली होती, तिने रकाना झाकला. तो उघडणारी स्क्रिप्ट मात्र दुबळ्या नेटवर्कमुळे वाटेतच अडकली. अर्ज अपुरा म्हणून परत आला. बाईचा एक रोज बुडाला. रकाना मूळचा उघडा ठेवून, स्क्रिप्ट आल्यावरच तिने तो मिटावा अशी मांडणी असती, तर हे टळले असते.

लपवणे नेहमीच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. लांबलचक अर्जातले न लागणारे रकाने मिटवले तर माणूस गोंधळत नाही. पण खरी किंमत शेवटपर्यंत दडवणेही याच युक्तीने साधते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली अशा १३ फसव्या रीतींची यादी करून त्यांना मनाई केली.

येथे संगणक शिकलेले तरुण बसले आहेत. त्यांना आमची एकच विनंती आहे. पान तयार झाले की स्क्रिप्ट बंद करून ते एकदा उघडून पाहा, आणि हक्काचा मजकूर तेव्हाही वाचता येतो ना, याची खात्री करून घ्या.