ओल्या मातीचा रंग
(हिंगोलीतील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



‘तैलचित्रकार आणि निसर्ग’ हा आजचा विषय. त्याची सुरुवात मी कॅनव्हासपासून न करता तुमच्या स्वयंपाकघरातल्या एका बरणीपासून करतो. करडईच्या तेलाची बरणी असेल तर तिच्या बाहेरून ओघळलेला थेंब काही दिवसांनी बोटाला चिकट लागतो. तो तसाच राहिला तर त्याचा पिवळसर पापुद्रा धरतो. मग नुसत्या गरम पाण्याने तो निघत नाही, नखाने खरवडावा लागतो. शेंगदाण्याच्या तेलाचा थेंब असा वाळत नाही. जवसाच्या तेलाचा मात्र या तिन्हींत सगळ्यात लवकर वाळतो. भांडी घासणाऱ्याला हा पापुद्रा नकोसा होतो. पण जगातली सारी तैलचित्रं या पापुद्र्यावर उभी आहेत.

तैलरंगातलं मुख्य तेल जवसाचं. पांढऱ्या आणि फिक्या रंगांसाठी अनेकदा करडईचं वापरतात, कारण ते कालांतराने कमी पिवळं पडतं. ही दोन्ही आपली रब्बीची पिकं. जवसाची चटणी आपल्याकडे भाकरीसोबत पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली गेली. माझ्या लहानपणी हरभऱ्याच्या कडेने जवसाच्या ओळी असायच्या. सकाळी निळी फुलं उघडायची आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून जायच्या. आता शिवारात सोयाबीनच जास्त दिसतं, पण ते निळेपण पाहिलेले डोळे या सभागृहात नक्कीच आहेत.

या तेलाचा एक गुण समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ओला कपडा वाळतो तेव्हा पाणी उडून जातं आणि कपडा हलका होतो. जवसाचं तेल वाळताना हवेतला प्राणवायू आत घेतं. त्यातून काही उडून जाण्याऐवजी त्यात भर पडते आणि ते वजनाने वाढतं. थराच्या जाडीप्रमाणे याला दिवस लागतात, आठवडे लागतात, कधी महिने लागतात. दुसरा नियम थरांचा. खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात जास्त. खालचा थर पुरता सुकण्याआधी वर घाई केली, तर वरचा आधी आवळतो, खालचा मागाहून हलतो आणि चित्राला भेगा पडतात. वैशाखातली आपली काळी रानं आठवा. पाणी गेलं की माती आकसते आणि पाय जाईल एवढी भेग पडते. आकसण्याचा तो ताण शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. तैलचित्रकाराला तो अनुभवाने शिकावा लागतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की, निसर्गाकडून चित्रकाराला देखावे मिळतात, पण त्याहून मोठी गोष्ट मिळते ती चाल. पिकायला, सुकायला, मुरायला जेवढा वेळ लागतो तेवढा देण्याची शिस्त. हे एका मोठ्या माणसाच्या आयुष्यातून सांगतो.

चित्रकार वासुदेव सन्तू गायतोंडे. जन्म १९२४, नागपूर. घराणं गोव्याचं, वाढले मुंबईत गिरगावच्या चाळीत. सर ज. जी. कलाशाळेतून १९४८ साली पदविका घेतली. सुरुवातीला लघुचित्रांचा अभ्यास केला, त्यातले सपाट, उजळ रंग आणि नेमकी रेषा आत्मसात केली. पुढे युरोपीय चित्रकार पॉल क्लीची चित्रं त्यांना जवळची वाटली. हळूहळू माणसं गेली, वस्तू गेल्या आणि रंग उरला. मुंबईतल्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये ते काम करत, तेव्हा समोर अरबी समुद्र होता. त्या काळातल्या त्यांच्या चित्रांसमोर उभं राहिलं की आडवा उजेड दिसतो आणि आपण म्हणतो, हा समुद्र. गायतोंड्यांना हे मान्य नव्हतं. ‘अमूर्त’ हा शब्दही ते नाकारत. आपलं चित्र कोणत्याच वस्तूवरून काढलेलं नाही, अशी त्यांची धारणा होती.

मग अशा चित्रकाराला मी निसर्गाच्या व्याख्यानात का आणलं? त्यांची काम करण्याची रीत पाहा. ते रोलरने रंग पसरत, पॅलेट नाइफने तो खरवडून काढत. वर्तमानपत्राचे फाटके तुकडे लावून रंग उचलत किंवा उमटवत. थरावर थर देत आणि खालच्या थराचा उजेड वरच्यातून झिरपू देत. वर्षाला मोजकेच कॅनव्हास पूर्ण होत. बाकीचा वेळ बसणं, पाहणं, थांबणं. झेन विचाराकडे त्यांचा ओढा होता आणि शांततेला ते कामाचाच भाग मानत. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, तिथे अमेरिकी चित्रकार मार्क रॉथकोला भेटले. पण त्यांची चाल बदलली नाही. १९७२ च्या सुमारास दिल्लीला गेले आणि निजामुद्दीनच्या एका खोलीत राहिले. १९८४ मध्ये अपघात झाला. मोठा कॅनव्हास काही वर्षं हाती धरवेना. त्या काळात त्यांनी कागदावर शाईची छोटी रेखाटनं केली आणि मग पुन्हा तैलरंगांकडे वळले. २००१ साली ते गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. जगाने त्यांना उशिरा ओळखलं, पण ओळखलं जाण्यासाठी त्यांनी आपल्या चित्राला घाई केली नाही. झाडाला झाडासारखं रंगवणारे पुष्कळ असतात, झाड जसं वाढतं तसं चित्र वाढू देणारे थोडे असतात. गायतोंडे त्या थोड्यांपैकी होते.

दुसरी वाटही तितकीच मोलाची आहे. नारायण श्रीधर बेंद्रे इंदूरच्या मराठी घरातले, जन्म १९१०. तिशीच्या आत ते काश्मीरमध्ये काही वर्षं राहिले आणि तिथला निसर्ग त्यांनी समोर बसून रंगवला. पुढे बडोद्याच्या विद्यापीठात त्यांनी चित्रकारांची एक पिढी घडवली. उत्तरायुष्यात ते रंगांचे असंख्य ठिपके शेजारीशेजारी ठेवून चित्र उभं करत. गायतोंडे खोलीत बसून थांबले, बेंद्रे रस्त्याने चालत राहिले. दोघांनीही एका ऋतूत पीक मागितलं नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एवढा झळझळीत पिवळा आपल्या दारात असूनही चित्रकार तो कॅनव्हासवर वापरत नाही. कारण घरोघरी माहीत आहे. हळदीचा डाग पडलेला कपडा साबणाने धुतला की लालसर होतो आणि चार दिवस उन्हात टाकला की डाग उडून जातो. चित्रकाराला टिकणारा पिवळा लागतो आणि तो त्याला मातीत सापडतो. पिवळी माती, गेरू, तांबूस मुरूम, या सगळ्यांचा रंग लोखंडाच्या अंशाने येतो. उजेडात शतकानुशतकं राहिला तरी तो जात नाही. अजिंठ्याच्या भिंतींवरही अशाच मातीचे रंग आहेत. तिथे तेल नाही, पण माती तीच.

आणि आता शेवटचं. रंगाची कोरडी भुकटी पाहिलीत तर ती फिकी, मळकट दिसते. त्यात जवसाचं तेल घालून घोटलं की तीच भुकटी एकदम खोल, गडद, जिवंत होते. असं का होतं, ते तुम्ही दर मृगाला पाहता. कोरड्या ढेकळाच्या कणाकणांमध्ये हवा असते, तिथे उजेड विखुरतो आणि माती राखी दिसते. पहिला पाऊस त्या फटी भरतो, उजेड आत शिरतो आणि तेच ढेकूळ काळंभोर होतं. रंगाच्या भुकटीला तेल हेच करतं. फरक एवढाच की पावसाची ओल दोन दिवसांत उडून जाते आणि तेल वाळूनही तो ओला रंग धरून ठेवतं.

आपल्या मुलांना चित्रकलेच्या तासाला दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि एक नारळाचं झाड काढायला शिकवलं जातं. आपल्या कयाधू नदीच्या काठाला तसलं काही नाही. माझी शिक्षकांना आणि आईवडिलांना कळकळीची विनंती आहे की, यंदा पहिला पाऊस पडून गेला की मुलाला बांधावर न्या. एक ढेकूळ उचलून त्याच्या हातात द्या. त्याची वरची बाजू काळी असेल, खालची अजून राखी असेल. त्या दोन रंगांच्या मधली रेघ त्याला दाखवा आणि ती पुसून जाईपर्यंत त्याला तिथेच उभं राहू द्या.